अण्णांची पासोडी

सकाळी सहा-सव्वासहाला फोन वाजला की आमच्या घरात दोनच गोष्टी मनात येतात. एक तर गावाकडं कुणीतरी गेलं, नाहीतर अण्णांच्या पासोडीला ताप आला.

"झोपला होतास का रे?"

"नाही अण्णा. बोला."

"चव्वेचाळीसवर गेलीय. रात्री निजताना एकेचाळीस होती. मी ओल्या फडक्याची घडी ठेवणार होतो वरून, पण तुझी काकू म्हणाली, करंट लागंल. तू येऊन बघ बरं एकदा."

मी जातो. जाऊन माझा काही उपयोग नसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. पण आजाऱ्याला बघायला कुणीतरी यावं लागतं. मी त्या काळ्या डब्यावर हात ठेवतो, "गरम आहे खरी" म्हणतो, अण्णा मान हलवतात, काकू चहा आणतात. मे महिन्यात अंबाजोगाईत सगळंच गरम असतं, पितळी लोटासुद्धा, हे वाक्य मी चहाबरोबर गिळतो.

पासोडी म्हणजे अण्णांचा सर्व्हर. दोन विटा शेजारीशेजारी उभ्या ठेवल्या तर जेवढं होईल तेवढाच तो डबा. (पांडुरंगाला एक वीट पुरली, अण्णांना दोन लागल्या, असं काकू म्हणतात.) आत दोन हार्ड डिस्क, मागं एक पंखा, पुढं चार दिवे आणि पोटात सगळ्या खानदानाचे फोटो. घरातल्या वायफायवरून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही सगळ्यांनी त्यात सामान ठेवायचं आणि त्यातून काढायचं. लोक आपले फोटो ढगात ठेवतात, अण्णांनी ते माळवदाखाली ठेवले, एवढाच फरक.

असा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो. पूर्वी तो घड्याळं उघडून बसायचा. मग रेडिओ, मग स्कूटर. या जातीच्या माणसांना वस्तू चालू असली की करमत नाही. ती नीट चालायला लागली की ते अस्वस्थ होतात, कान देऊन ऐकतात, आणि तासाभरात म्हणतात, "आवाज बदललाय." अण्णा एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नोकरीच्या अखेरीस पगाराच्या ऑनलाइन कटकटीपुरता आला होता. पण जात आतून असते. निवृत्तीनंतर बंडीच्या खिशातलं लाल पेन तसंच राहिलं, त्याच्या शेजारी टेस्टर आला.

त्याचं असं झालं. पोराच्या लग्नाचा व्हिडिओ मिळाला डीव्हीडीवर. घरात डीव्हीडी लावायचं यंत्र उरलेलं नव्हतं. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, तर पेन ड्राइव्ह व्याह्यांकडं गेला आणि व्याह्यांकडून त्यांच्या व्याह्यांकडं. उरलेले फोटो काकूंच्या मोबाइलमध्ये होते. तो मळ्यातल्या विहिरीत पडला. त्या दिवाळीला पुण्याहून पोरगा आला तो डबा घेऊनच. तैवानमधल्या कुठल्याशा कंपनीचा. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क आत बसवून दिल्या, पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि म्हणाला, "अण्णा, आता याला हात लावायचा नाही. तो आपोआप चालतो." पुण्याची माणसं किती भाबडी असतात.

पहिला प्रश्न जागेचा. टीव्हीखाली ठेवला तर मालिकेच्या वेळी घरघर ऐकू येते. स्वयंपाकघरात फोडणी. माजघरात कणगी, कणगीशेजारी उंदीर, आणि उंदराला वायरीचं वेड. निजायच्या खोलीत ठेवला तेव्हा रात्री दोन वाजता डिस्क स्वतःशीच करकर करायला लागली, काकू उठून बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यो तर तुमच्यापेक्षा घोरतो." शेवटी अण्णांचा डोळा देवघरावर गेला. शांत, थंड, कुणी हात लावत नाही. काकूंनी विरोध केला. त्यावर अण्णांनी जो युक्तिवाद केला तो तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूसच करू शकतो.

"दासोपंतांची पासोडी कुठंय? देवघरातच ना?"

इथं बाहेरच्यांसाठी थांबावं लागेल. दासोपंत आमच्या गावचे, १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांनी एका लांबलचक कापडावर, पासोडीवर, पंचीकरण लिहून काढलं, आणि ते कापड गावानं आजवर जपलंय. अण्णांच्या दृष्टीनं जगातलं हे सगळ्यात भरवशाचं स्टोरेज. "चारशे वर्षं झाली, अजून उघडतं. ना लाइट लागली, ना अपडेट, ना पासवर्ड."

"मग तुम्हीबी धोतरावर लिहा की," काकू म्हणाल्या. "डबा कशाला पायजे?"

पण डब्याचं नाव पासोडी पडलं ते पडलंच, आणि तो देवाच्या उजव्या हाताला बसला. आतल्या दोन डिस्कांनाही नावं मिळाली. आमचं गाव म्हणजे आद्यकवींचं गाव, तेव्हा पहिल्या खणात मुकुंदराज, दुसऱ्यात दासोपंत. आठवड्याभरात फतवा निघाला की देवघरात उदबत्ती लावायची नाही, राख पंख्यात जाते. काकूंनी महिनाभर देवासमोर तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून सांगितलं. आता उदबत्ती तुळशीपाशी लावतात आणि वास वाऱ्यावर सोडून देतात.

दासोपंतांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आमच्याकडची आख्यायिका. अण्णांनी एका दुपारी लाल पेनानं त्याचा हिशेब मांडला. ओवीला धरा शंभरेक अक्षरं, युनिकोडमध्ये एका अक्षराला तीन बाइट, म्हणजे सव्वा लाख ओव्यांचे साडेसदतीस मेगाबाइट. मग त्यांनी नातवाच्या जावळाचा व्हिडिओ उघडून पाहिला. १.८ जीबी. कागदावर भागाकार केला आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"एका जावळात अठ्ठेचाळीस गीतार्णव बसतात रे."

"मग?"

"मग काय. व्हिडिओत नुसतं पोरगं रडायलंय."

पासोडीची नोंद ठेवायला त्यांच्याकडं शाळेतून उरलेला कोरा हजेरीपट होता. त्यात रोज सकाळी हजेरी. 'मुकुंदराज – उ. दासोपंत – उ.' पुढं तापमान, आणि शेवटी शेरा. महिन्यातून एकदा डिस्कांची आरोग्यतपासणी, म्हणजे स्मार्ट रिपोर्ट, गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा. त्यात प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीचा पाढा वाचते: किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती सेक्टर खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर घ्यावे लागले. अण्णा तो लाल पेनानं तपासतात आणि गुण देतात. दासोपंतांना कायम पंचाण्णवच्या वर. मुकुंदराजांना एकदा अठ्ठ्याऐंशी दिले आणि समासात लिहिलं: 'पूर्वीसारखे लक्ष नाही.'

पासोडीचा खरा शत्रू लाइट. तशी वीज आमच्या शेजारीच, परळीला तयार होते. पण दुष्काळात तिचंही खरं नसतं. २०१५ साली पाण्यावाचून तिथलं औष्णिक केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. अण्णांच्या घरात इन्व्हर्टर आहे, पण देवघराची लाइन त्यावर नाही. घर बांधताना वायरमननं विचार केला, देवाला समई असते, इन्व्हर्टर कशाला. तेव्हा पासोडीसाठी वेगळा छोटा यूपीएस आला. साधा, स्वस्तातला. लाइट गेली की तो नुसता ओरडतो. पासोडीला "आता आवर" असं सांगणारी वायर त्याला नाही. ती असलेला यूपीएस महाग होता आणि अण्णा म्हणाले, मी घरीच असतो की. त्याची बॅटरी चालते सात मिनिटं. या सात मिनिटांत अण्णांनी उठून, लॅपटॉप उघडून, पासवर्ड टाकून, पासोडीला रीतसर निजवायचं. नाही निजवलं तर ती लिहिता लिहिता हात सुटल्यासारखी बंद पडते, आणि उठल्यावर तक्रार नोंदवते: बंद करण्याची पद्धत असुरक्षित होती.

हा अण्णांना सगळ्यात मोठा डाग वाटतो. चार वर्षांत हजेरीपटात असा एकही शेरा नाही, हे ते पाहुण्यांना सांगायचे. त्यासाठी ते ताटावरून उठलेत. दाढीचा साबण एका गालावर ठेवून धावलेत. वडिलांच्या श्राद्धाला पिंडाला पाणी सोडता सोडता बीप वाजली, तर गुरुजींना "आलोच" म्हणून गेले. गुरुजी वाट बघत बसले, पत्रावळीवरचा कावळाही. परत आल्यावर अण्णा म्हणाले, "बाबा समजून घेतील. त्यांचे फोटो त्यातच आहेत."

दुसरी भानगड अर्थिंगची. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत. वायरमननं मागच्या अंगणात खड्डा घेतला, मीठ आणि कोळसा भरला, पत्रा पुरला आणि सांगितलं, "उन्हाळ्यात यात पाणी घालत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग मेलं." आता आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय, ते बीड जिल्ह्याला सांगायला नको. टँकरमागं घागरी धावतात त्या दिवसांत हा माणूस जमिनीला पाणी पाजायला निघाला! गल्लीनं तोंडात बोट घातलं. एका म्हातारीनं विचारलंही, "आण्णा, काय लावलंय वो तिथं? उगवंना कामून?" घरात डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुणाला, यावरून जुंपली. काकूंचं म्हणणं तुळशीला, अण्णांचं म्हणणं अर्थिंगला. शेवटी वार ठरले: सोम-बुध-शुक्र तुळस, मंगळ-गुरु-शनि अर्थिंग. रविवारी दोघींनाही उपास.

पण अण्णांची खरी कळा बघायची तर पासोडी 'दिसेनाशी' झाली तो आठवडा. एका बुधवारी सकाळी टीव्हीवर ती सापडेना. मोबाइलवर नाही, लॅपटॉपवर नाही. देवघरात मात्र चारही दिवे हिरवे, पंखा चालू, काही कुरकुर नाही. जिवंत आहे, समोर आहे, पण कुणाला ओळख देत नाही. अण्णांनी आधी सगळं बंद करून चालू केलं. मग वायर बदलली. मग त्या वायरीवरही विश्वास राहिला नाही, म्हणून बाजारातून पिना आणि चिमटा आणून स्वतः वायर बांधायला बसले. त्या वायरीच्या पोटात आठ रंगीत तारा असतात आणि त्यांचा क्रम चुकून चालत नाही. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अण्णांचा चेहरा उजळला. "अरे, गणसुद्धा आठच की! यमाताराजभानसलगं!" आणि त्यांनी तारा अक्षरगणांच्या चालीवर म्हणत म्हणत दाबल्या. पाच पिना वाया गेल्या, सहावी लागली. वृत्त बरोबर बसलं, पासोडी मात्र दिसेना.

तिसऱ्या दिवशी पोराला फोन. स्पीकरवर.

"अण्णा, काही बदललंय का घरात?"

"काही नाही."

"नीट आठवा. नवी वस्तू?"

"मिक्सर आणला तुझ्या आईनं."

"राउटर?"

"तो मंगळवारी बदलून गेला तो पोरगा. जुन्याची पिन ढिली झाली होती."

पलीकडं बराच वेळ शांतता. "मग हे आधी सांगायचं ना."

"तू विचारलं कुठं?"

झालं होतं असं. पासोडीचा पत्ता अण्णांनी हट्टानं कायमचा करून घेतला होता: १९२.१६८.१.५०. बाकीच्या यंत्रांना राउटर रोज देईल तो पत्ता, भाडेकरूसारखा. पासोडी घरची, तिचा पत्ता पिढीजात. आणि नव्या राउटरनं सगळ्या घराची वस्तीच बदलली, एकच्या जागी शून्य. सारी भांडीकुंडी नव्या वस्तीत राहायला गेली आणि पासोडी आपल्या जुन्या वाड्यात, दार उघडं ठेवून, कुणीतरी येईल म्हणून बसून राहिली. राउटरमध्ये एक आकडा बदलला आणि ती आली. अण्णा मात्र नंतर दोन दिवस गप्प होते. मला म्हणाले, "तिची चूक नव्हती रे. ती जागच्या जागी होती." निवृत्त माणसाच्या तोंडून हे ऐकताना मी चहाच्या कपात बघत राहिलो.

दोन डिस्क कशाला, हा प्रश्न त्यांना कुणीही विचारावा आणि तासाची निश्चिंती करावी. दोन्हीत तेच लिहायचं, एक गेली तर दुसरी आहे. याला म्हणतात रेड वन. "घरात रेड आहे" असं त्यांनी एकदा फोनवर म्हटलं तेव्हा शेजारच्या आडत्यानं घाईनं दुकानाचं शटर ओढलं होतं. ही कल्पना अमेरिकेत बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ च्या एका निबंधात मांडली. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक एकत्र बांधा, एखादी मेली तरी काम अडत नाही. नावातलं एक अक्षर मुळात 'स्वस्त' या अर्थाचं होतं, पुढं ते बदलून 'स्वतंत्र' झालं. अण्णांना यात फार गंमत वाटते. "स्वस्त म्हणवून घ्यायला डिस्कसुद्धा लाजते."

तर मुकुंदराज गेले. ते मार्गशीर्षात, योगेश्वरीचा उत्सव चालू असताना. रात्री पासोडी जी ओरडायला लागली ती यूपीएससारखी थांबून थांबून नाही, एकसारखी. पहिल्या खणाचा दिवा तांबडा. अण्णांनी कान लावला. आतून टक्... टक्... टक्. "सुईच अडकायलीय," ते म्हणाले आणि चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी हजेरीपटात आयुष्यात पहिल्यांदा 'गै' लागला. पोरानं पुण्याहून नवी डिस्क पाठवली. मुद्दाम वेगळ्या दुकानातून, वेगळ्या खेपेची. एकाच खेपेच्या दोन डिस्कांना एकदमच आजार होण्याची भीती असते. ती बसवली, आणि दासोपंतांनी आपल्याजवळचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून द्यायला सुरुवात केली. साडेदहा तास. या काळात दासोपंतांना काही झालं असतं तर सगळंच संपलं. म्हणून अण्णांनी जागर घातला. तिकडं देवळात आरती, इकडं देवघरात टक्का: एकतीस, बत्तीस, बत्तीसच, बत्तीसच, तेहेतीस. पहाटे शंभर झालं तेव्हा काकू उत्सवाहून आल्या आणि म्हणाल्या, "देवीचा अंगारा लावू का?" अण्णा म्हणाले, "बाहेरून लाव. पंख्याकडं नको."

गेलेल्या डिस्कला त्यांनी रीतसर शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. तो मी वाचलाय. वर्तणूक: चांगली. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. शाळा सोडण्याचे कारण: सेक्टर.

यानंतर कुणालाही वाटेल, आता हा माणूस निश्चिंत झाला. अण्णांनाही वाटलं होतं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला, टीव्हीवर कार्टून शोधता शोधता 'आक्काकडचे फोटो' नावाचा आख्खा फोल्डर त्यानं पुसून टाकला. मुकुंदराज दुसरे आणि दासोपंत या दोघांनीही आज्ञाधारकपणे, त्याच क्षणी, तो पुसला. एक डिस्क मेली तर दुसरी धावून येते. मालकानंच पुस म्हटलं तर दोघी मिळून पुसतात. जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. हे अण्णांना पोरानं शंभरदा सांगितलं होतं, आणि फोल्डर गेला त्या दुपारी एकदम पटलं.

काकूंना वाटलं, आता माणूस आजारी पडतो. पण अण्णा उठले आणि मला लीळाचरित्र सांगायला लागले. म्हाइंभटांनी एवढ्या कष्टानं चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या, पोथी सिद्ध केली, आणि ती मूळ पोथी खालशाच्या धाडीत गेली. "धाड म्हणजे इंग्रजीत रेडच की रे!" मग हिराइसेला पाठ होती, तिच्या तोंडून आणि आणखी कुणाकुणाच्या आठवणीतून ती परत उभी केली. म्हणून तिचे निरनिराळे पाठ. "तिसरी प्रत पाहिजे. आणि ती धाड पडेल त्या गावाबाहेर पाहिजे." पुढं पोरानं त्यांना फोनवर 'टॉय स्टोरी २' ची गोष्ट सांगितली. १९९८ साली तो सिनेमा बनत असताना कुणाच्या तरी एका आज्ञेनं त्याच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप महिनाभर धड होतच नव्हता, आणि ते कुणी तपासलंही नव्हतं. गॅलिन सुसमन नावाच्या बाई नुकत्याच बाळंत झाल्या होत्या, घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत सापडली. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून, गाडीत जपून बसवून आणला. अण्णांनी ही कथा इतक्यांदा सांगितली की गल्लीतल्या बायकांना ती पाठ आहे. बाळंतिणीच्या खोलीतनं सिनेमा परत आला, एवढं तात्पर्य त्या काढतात.

अण्णांची बाळंतीण म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आक्का. धारूरच्या डोंगराकडं एका खेड्यात राहते. तिच्याकडं गव्हाच्या कोठीत, वरच्या बाजूला, टॉवेलात गुंडाळलेली एक डिस्क कायम असते. दर महिन्याला अण्णा एसटीनं दुसरी डिस्क घेऊन जातात, ती ठेवतात, आधीची घेऊन येतात. नातवानं पुसलेला फोल्डर तिथूनच आला. तोवर ही व्यवस्था पोराच्या आग्रहाखातर, नाखुशीनं चालली होती. आता ती वारी झाली. गाडीत ते डिस्क मांडीवर धरून बसतात, खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलतात. कंडक्टरनं एकदा विचारलं, "मूर्ती हाय का?" अण्णा म्हणाले, "हाव."

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. आक्कानं डिस्कला हळदीकुंकू लावून ठेवलं होतं. जेवायला वाढताना मला म्हणाली, "दादा आधी चार-चार वर्सं फिरकत नव्हता. आता दर म्हैन्याला यतो. काय का कारण असंना." परतीला पिशवीत सीताफळं घातली. त्यानंतर कित्येक दिवस ती डिस्क उघडली की देवघरात सीताफळांचा वास यायचा, आणि अण्णांनी शेऱ्याच्या रकान्यात तोही लिहिला होता.

आणलेली डिस्क लगेच तपासायची, हा आता नियम. 'टॉय स्टोरी' झाल्यापासून. नुसती प्रत असून चालत नाही, ती उघडते का बघावं लागतं. म्हणून अण्णा तिच्यावरचं सामान पासोडीच्या एका कोपऱ्यात उतरवतात, डोळे मिटून कुठल्याही एका फायलीवर बोट ठेवतात, ती लावतात, दहा सेकंद बघतात, "चालते" म्हणतात आणि बंद करतात. या घराण्याची लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं सगळी त्यांनी अशी दहा-दहा सेकंदांत पाहिली आहेत. पुरी बघायला वेळ कुठाय? पासोडीचं किती काम असतं. काकू म्हणतात ते खोटं नाही: "म्हैस होती तव्हा पेंड आणा म्हणलं तर कंबर दुखायची. ह्या डबड्याला मात्र रात्रंदिस चाकरी."

म्हैस होती खरी. मळ्यावर होती, मग चारा संपला तसा अण्णांनी ती आक्काकडं धाडली. २०१९ च्या दुष्काळात आक्कानं ती चारा छावणीत नेली, आणि छावणी उठल्यावर विकली. विकताना अण्णांना फोन केला होता. अण्णा म्हणाले होते, "बरं." एवढंच.

मागच्या वैशाखातली गोष्ट. संध्याकाळी मी बसलो होतो. अण्णांनी डोळे मिटले, लॅपटॉपवर बोट ठेवलं, व्हिडिओ सुरू झाला. आक्कानं मोबाइलवर काढलेला. छावणीचं हिरवं शेडनेट, खाली उसाच्या वाढ्यांचा भारा, आणि म्हैस. बाकी काही नाही. आक्काचा आवाजही नाही, नुसता वारा. म्हैस रवंथ करत होती. दहा सेकंद झाली. मी "चालते" ची वाट बघितली. वीस झाली. म्हशीनं कान हलवला. अण्णांनी चष्मा नाकावर सारला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, देवघरात यूपीएसनं हाक मारली. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर होता, राउटर यूपीएसवर. म्हैस तशीच चालू होती.

"वाजायलंय बघा!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

अण्णा उठले नाहीत. मी चुळबुळलो. त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला, वर्गात बोलणाऱ्या पोराला करतात तसा.

"अहो, वाजायलंय! ऐकू यायलं का?"

"वाजू दे."

बीप, बीप. चार मिनिटं. पाच. म्हैस रवंथ करत होती, बाजूच्या दावणीतली दुसरी कुणाची तरी शेपूट मधूनच चित्रात यायची आणि जायची. व्हिडिओ किती लांब होता कुणास ठाऊक, आक्का बहुधा फोन तसाच धरून उभी राहिली असावी. मग देवघरात यूपीएसचा एक लांब सूर निघाला आणि तुटला. चारही दिवे गेले. पडद्यावर म्हैस मान वळवता वळवता थांबली.

थोड्या वेळानं काकू समई घेऊन आल्या. अण्णांनी हजेरीपट ओढला. तापमानाचा रकाना मोकळा सोडला. शेऱ्यात लाल पेनानं लिहिलं: 'असुरक्षित बंद.' पुढं कारणाचा रकाना होता. तिथं पेन बराच वेळ टेकवून ठेवलं, इतका की कागदावर तांबडा ठिपका पसरला, आणि मग त्याच ठिपक्यापासून सुरुवात करून त्यांनी 'लाइट' असं लिहिलं.